वाचायचं तर वाचा, लिहायचं नाही

कारखान्यात डेटा गोळा करणारी नवी यंत्रणा बसवायचं ठरलं, की पहिला वाद कंट्रोल पॅनलच्या दारात होतो. आत पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा औद्योगिक संगणक, असतो. तो चालता ठेवणारा माणूस दारापाशी उभा असतो, आणि त्यातले आकडे बाहेर न्यायला आलेला माणूस लॅपटॉप उघडून बसलेला असतो. एकाला मशीन ठाऊक असतं, दुसऱ्याला आकड्यांचं काय करता येतं ते. हे दोन प्रकारचं ज्ञान एकत्र आल्याशिवाय काम नीट होत नाही. बहुतेक ठिकाणी मात्र ते एकत्र येण्याआधीच केबल जोडून झालेली असते.

म्हणून तो वाद इथे सविस्तर मांडतो आहे. जागा कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका दूध प्रकल्पाची, पाश्चरायझर विभागातली. पीएलसी सीमेन्सचा एस७-१२००. इलेक्ट्रिकल मेंटेनन्सच्या सुपरवायझरना सगळा प्लँट अण्णा म्हणतो. पुण्याहून आलेल्या इंजिनियर मुलीला अण्णा मॅडम म्हणतात. व्यक्ती कल्पित आहेत. यंत्रं, आकडे आणि अडचणी खऱ्या आहेत.

अण्णा : केबल कुठून टाकायची ते मागनं बघू, मॅडम. आधी सांगा, तुम्हाला आत येऊन करायचंय काय?

इंजिनियर : आकडे वाचायचेत, अण्णा. दुधाचं तापमान, फ्लो, स्टीम व्हॉल्व्ह किती टक्के उघडा आहे, पंपांचा करंट, चिलिंगनंतरचं तापमान. दर सेकंदाला वाचायचे आणि सर्व्हरवर साठवायचे. आज हे सगळं ऑपरेटरसमोरच्या एचएमआयच्या पडद्यावर येतं आणि निघून जातं.

अण्णा : निघून कुठं जातंय? चार्ट रेकॉर्डर हाय की. गोल कागद रोज बदलतोय, त्याच्यावर सही होते, फाइलला लागतोय. तपासणीला कोण आलं तर तोच कागद मागतात.

इंजिनियर : त्या कागदावर दूध बहात्तरच्या खाली गेलं की नाही ते कळतं. बहात्तर गाठायला वाफ किती लागली, ते कळतं का?

अण्णा : ते बॉयलरवाल्याला विचारा.

इंजिनियर : तो म्हणतो, डेअरीवाले जास्त ओढतात. तुम्ही म्हणता, बॉयलरचं प्रेशर पडतं. दोघांकडेही आकडा नाही.

इथे पाश्चरायझरची रचना थोडक्यात सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. चार अंशांचं कच्चं दूध प्लेट हीट एक्स्चेंजरच्या रीजनरेशन भागात शिरतं. तिथे पलीकडच्या बाजूनं नुकतंच तापलेलं दूध वाहत असतं, त्याच्या उष्णतेनं हे अर्धंअधिक तापतं. उरलेले अंश वाफेवर तापवलेल्या गरम पाण्यानं चढवतात. मग दूध होल्डिंग ट्यूबमधून जातं. तिथे ते किमान ७२ अंशांवर १५ सेकंद राहिलं पाहिजे. ट्यूबच्या शेवटी फ्लो डायव्हर्जन व्हॉल्व्ह असतो. तापमान कमी पडलं, की तो दूध परत बॅलन्स टँककडे वळवतो. पिशवीतलं दूध निर्धोक आहे की नाही, याचा निकाल या एका व्हॉल्व्हवर लागतो. अण्णांचा सगळा जीव त्याच्यात का अडकलेला असतो, हे त्यावरून समजावं.

इंजिनियर : रीजनरेशननंतर दूध सहासष्टला येत असेल, तर वाफेला फक्त सहा अंश चढवायचे राहतात. प्लेटांवर थर साचत गेला आणि तेच त्रेसष्टला यायला लागलं, तर नऊ अंश चढवावे लागतात. म्हणजे त्या टप्प्याला दीडपट उष्णता. बहात्तर तर बहात्तरच राहणार, कारण कंट्रोल लूप आपलं काम चोख करतो आणि व्हॉल्व्ह जास्त उघडतो. अलार्म येत नाही, चार्टवर रेघ सरळ. कुणालाच काही कळत नाही आणि जळण जळत राहतं.

अण्णा : मला कळतंय. व्हॉल्व्हचा पोझिशनर जरा जास्त वर दिसला, की मी सीआयपीवाल्याला सांगतो, लाय नीट फिरवा म्हणून. (सीआयपी म्हणजे यंत्र न उघडता ते आतून धुणं, लाय म्हणजे त्यासाठीचं कॉस्टिकचं द्रावण.)

इंजिनियर : तुम्हाला कळतं. रात्रपाळीच्या पोराला कळतं का?

यावर अण्णा थोडा वेळ बोलत नाहीत. माझ्या मते या वादातला सगळ्यात जड प्रश्न हाच आहे. हळूहळू बिघडणाऱ्या गोष्टी माणसाच्या नजरेतून निसटतात. ज्याच्या नजरेतून निसटत नाहीत तो माणूस एक दिवस निवृत्त होतो. अण्णांची हरकत मात्र वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि तीही तितकीच खरी आहे.

अण्णा : बरं, वाचा. पण वाचायला म्हणून एकदा दार उघडलं, की त्याच दारातनं लिहिता पण येतंय, हे तुम्हाला ठाऊक हाय नव्हं? मागं एका कंपनीचा माणूस आला होता. म्हणाला, पीएलसीच्या सेटिंगमध्ये पुट-गेटची खूण करा, बाकी मी बघतो. मी केली नाही. गेट म्हणजे वाचणं. पुट म्हणजे काय मग? नेटवर्कवर बसलेला कोण पण माणूस, पासवर्ड न देता, माझ्या डेटा ब्लॉकात आकडा टाकणार. बहात्तरचा सेटपॉइंट बासष्ट केला तर?

इंजिनियर : तुम्ही केली नाहीत ते बरोबरच केलंत. मलाही पुट-गेट नको आहे.

अण्णा : मग मॉडबस?

इंजिनियर : त्याचाही विचार केला होता. मॉडबस सर्व्हरचा ब्लॉक प्रोग्रॅममध्ये टाकायचा, त्याला एक स्वतंत्र डेटा ब्लॉक द्यायचा, बाहेरच्यानं त्यातलीच रजिस्टरं वाचायची.

अण्णा : आणि कॉइल? पाच नंबरचं फंक्शन? ते डेटा ब्लॉकाला विचारत बसत नाही, मॅडम. थेट आउटपुटच्या बिटावर जातंय. नव्या व्हर्जनच्या ब्लॉकात ती वाट बंद करता येते, पण ती आपण बंद करायची असते. आपोआप बंद येत नाही.

इंजिनियर : हे तुम्हाला कुणी सांगितलं?

अण्णा : मॅन्युअल वाचतो मी.

पीएलसी तारेवरून येणाऱ्या हुकमावर इतका सहज विश्वास का ठेवतो, याचं उत्तर त्याच्या जन्मात आहे. १९६८ मध्ये जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेंनी भरलेल्या पॅनलांना पर्याय हवा होता. गाडीचं मॉडेल बदललं, की हजारो तारा सोडवून पुन्हा जोडाव्या लागत. अमेरिकेतल्या बेडफर्ड असोसिएट्समध्ये डिक मॉर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर जे यंत्र तयार केलं, ते मॉडिकॉन ०८४ या नावानं ओळखलं गेलं. त्याच मॉडिकॉननं १९७९ मध्ये मॉडबस ही पीएलसींशी बोलायची भाषा आणली. तेव्हा तिची तार एका पॅनलपासून दुसऱ्या पॅनलपर्यंत जायची आणि दोन्ही पॅनल एकाच कुलपाच्या आत असायचे. तारेवरून हुकूम आला म्हणजे तो आपल्याच माणसाचा, हे गृहीत धरणं तेव्हा रास्त होतं. तीच भाषा पुढे इथरनेटवर, ५०२ क्रमांकाच्या पोर्टवर आली. हुकूम देणारा कोण, हे विचारण्याची सोय तिच्यात तरीही नव्हती. आज कारखान्याकारखान्यात हीच भाषा चालते. ती साधी आणि टिकाऊ आहे, म्हणून मला तिच्याबद्दल आदर आहे. पण ऑफिसच्या नेटवर्कला ती उघडी जोडणं हा निष्काळजीपणा आहे आणि त्याला दुसरा शब्द नाही.

इंजिनियर : तुमच्या सीपीयूचं फर्मवेअर ४.४ आहे. त्यात ओपीसी यूएचा, म्हणजे आकडे बाहेर देण्याच्या प्रमाणित पद्धतीचा, सर्व्हर आतच असतो. लायसन्स घ्यावं लागेल, ते आम्ही घेतो. आपण सर्व्हर इंटरफेसमध्ये जे टॅग, म्हणजे नाव दिलेले आकडे, घालू तेवढेच बाहेरून दिसतात, बाकीचा प्रोग्रॅम बाहेरच्याला दिसतच नाही. शिवाय डेटा ब्लॉकात प्रत्येक टॅगसमोर दोन वेगळ्या खुणा आहेत. एक, बाहेरून वाचता येईल का. दुसरी, बाहेरून लिहिता येईल का. दुसरी खूण आपण सगळीकडची काढून टाकू. वर सर्टिफिकेट आणि युजरचा पासवर्ड. आणि केबल ऑफिसच्या स्विचला जाणार नाही. मध्ये एक गेटवे असेल, त्याला दोन नेटवर्क कार्डं. एक तुमच्याकडे, एक बाहेरच्या बाजूला, आणि एका बाजूचं पॅकेट दुसऱ्या बाजूला थेट जाणार नाही.

अण्णा : म्हणजे बाहेरचा गेटवेपर्यंतच येणार.

इंजिनियर : तोही येणार नाही. गेटवेच बाहेर जाऊन आकडे देऊन येईल. एमक्यूटीटी तसंच चालतं. आतला आपणहून ब्रोकरला, म्हणजे बाहेरच्या निरोप वाटणाऱ्या सर्व्हरला, जोडून घेतो, म्हणून बाहेरून आत येणारं एकही पोर्ट उघडं ठेवावं लागत नाही. १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी ते तेलाच्या पाइपलाइनवरचे आकडे उपग्रहातून आणण्यासाठी लिहिलं होतं. लाइन महाग आणि बेभरवशाची होती, म्हणून निरोप जेवढा लहान करता येईल तेवढा केला. आपल्याकडचं इंटरनेट पावसाळ्यात जसं वागतं, त्याला ते चांगलं चालेल. लाइन गेली तर गेटवे आकडे आपल्याजवळ साठवून ठेवेल आणि लाइन आली की वेळेसकट पाठवेल.

अण्णा : आणि इराणात काय झालं ते? ते तर सीमेन्सचंच होतं.

इंजिनियर : स्टक्सनेट, मशीन बिघडवणारं मालवेअर. २०१० मध्ये उघडकीला आलं. नतान्झच्या अणुप्रकल्पातल्या सेंट्रिफ्यूजवरच्या एस७-३१५ आणि एस७-४१७ पीएलसींवर. पण अण्णा, ते कंट्रोल नेटवर्क इंटरनेटला जोडलेलंच नव्हतं. तरी शिरलं, आणि पेनड्राइव्हमधून शिरलं असं मानतात. तुमच्या या प्रोग्रॅमिंगच्या लॅपटॉपला गेल्या महिनाभरात किती पेनड्राइव्ह लागले?

अण्णा : लागले असतील. पण मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त भीतीची वाटते. मशीन आतनं बिघडत होतं आणि पडद्यावर आधी भरून ठेवलेले चांगले आकडे दाखवले जात होते. ऑपरेटर बघतोय, सगळं नॉर्मल. म्हणून म्हणतो, नुसत्या पडद्यावर भरवसा ठेवू नका. होल्डिंग ट्यूबवर काचेचा थर्मामीटर हाय, त्याला तार नाही. तो काढायचा नाही.

इंजिनियर : नाही काढणार. उलट शिफ्टला एकदा त्याचं रीडिंग हातानं भरायची जागा मी सिस्टममध्ये ठेवते. दोन्हींत फरक पडला तर दिसेल.

सुरक्षेचा मुद्दा इथे बराचसा मिटतो. इतर ठिकाणच्या चर्चाही साधारण इथेच थांबतात. गेटवे आला, सर्टिफिकेट बसलं, हिरवा दिवा लागला, जोडणी यशस्वी. माझ्या मते काम इथून पुढे सुरू होतं, कारण पीएलसीतून बाहेर पडलेल्या आकड्याला स्वतःचा अर्थ नसतो. तो अर्थ प्रोग्रॅममध्ये असतो, आणि प्रोग्रॅम ज्यानं वर्षानुवर्षं दुरुस्त केला त्याच्या डोक्यात असतो.

अण्णा : होल्डिंग ट्यूबच्या तापमानाचा टॅग तुम्ही घेतला. आकडा काय येणार?

इंजिनियर : सेन्सरचा ट्रान्समीटर चार ते वीस मिलिअँपचा. शून्य अंशाला चार, शंभरला वीस. आत तो शून्य ते २७६४८ असा दिसतो. बहात्तर अंशांना १५.५२ मिलिअँप, म्हणजे साधारण १९९०७. मी त्याचं अंशात रूपांतर करणार.

अण्णा : तार तुटली तर?

इंजिनियर : करंट शून्य होईल. चारच्या खाली गेलं म्हणजे तार तुटली, म्हणून तर सुरुवात चारपासून असते.

अण्णा : पण मॉड्यूल तुम्हाला शून्य देत नाही. तार तुटल्याची खूण म्हणून ते ३२७६७ देतंय. तुमचं रूपांतर लावा त्याला.

इंजिनियर : (हिशोब करत) एकशे अठरा पूर्णांक पाच.

अण्णा : एकशे साडेअठरा अंश! आणि बहात्तरपेक्षा जास्त हाय म्हणून व्हॉल्व्ह म्हणणार, जाऊ दे पुढं. म्हणून मी प्रोग्रॅममध्ये घातलंय, एकशे दहाच्या वर गेलं की फॉल्ट धरायचा आणि दूध परत फिरवायचं. ते माझ्या प्रोग्रॅमला ठाऊक हाय. तुमच्या सर्व्हरला ठाऊक हाय का? तो महिन्याच्या सरासरीत एकशे साडेअठरा धरणार.

इंजिनियर : ओपीसी यूए प्रत्येक आकड्याबरोबर त्याची स्थिती पाठवतं, चांगला की वाईट.

अण्णा : कुणाची स्थिती? तार तुटली तरी डेटा ब्लॉकातला आकडा वाचता येतोयच की. म्हणजे ते म्हणणार, चांगला.

इंजिनियर : ...बरोबर. टॅग वाचता येतो एवढंच ते सांगतं. सेन्सरबद्दल त्याला काही माहीत नाही. मग तुमचा फॉल्टचा बिटही सोबत घ्यायला हवा.

अण्णा : आणि सीआयपीचा. रात्री दूध संपलं की लाय फिरते, सत्तर-ऐंशी अंशांची. त्याच ट्यूबमधनं, त्याच सेन्सरवरनं. तुम्ही म्हणणार, वा, रात्री दोन वाजता दूध ऐंशीला तापवलं. दूधच नाही तिथं. स्टेप नंबरचा टॅग घेतल्याशिवाय तापमानाचा टॅग घेऊ नका.

या काही वाक्यांत त्या मुलीच्या प्रकल्पाचा अर्धा धोका टळला, असं मी म्हणेन. लाय फिरत असतानाचं तापमान आणि दूध फिरत असतानाचं तापमान एकाच सरासरीत मिसळलेले अहवाल कुणी मुद्दाम बनवत नाही. ते बनतात, कारण टॅगच्या यादीत तापमान असतं आणि त्या वेळी मशीन कुठल्या टप्प्यात होतं ते नसतं. आलेख सुरेख दिसतो, रंग भरलेले असतात, आणि त्यावरून कुणीतरी निर्णय घेतो. चुकीचा कागद निदान कागद म्हणून संशयानं पाहिला जातो. पडद्यावरच्या आकड्याला ती शंका कुणी लावत नाही.

अण्णा : आता दर सेकंदाचं सांगा. कशाला एवढे? पीएलसी आपल्या फेऱ्या मारतोय. इनपुट वाचायचे, प्रोग्रॅम चालवायचा, आउटपुट लिहायचे, काही मिलिसेकंदात एक फेरी. तुम्ही, मॅनेजरसाहेबांचा पडदा, बॉयलरवाल्याचा पडदा, सगळे मिळून त्याला प्रश्न विचारत बसला तर त्याची फेरी लांबणार. शिवाय एका वेळी मोजकीच कनेक्शन घेतोय तो. एचएमआयचंच तुटलं तर ऑपरेटर आंधळा.

इंजिनियर : म्हणून पीएलसीला फक्त गेटवे विचारेल. बाकी सगळे गेटवेकडून घेतील. दोनशे टॅग दर सेकंदाला घेतले तर दिवसाला १ कोटी ७२ लाख ८० हजार आकडे होतात, हे मलाही ठाऊक आहे. टाकीतल्या दुधाचं तापमान दर मिनिटाला पुरेल. अर्ध्या अंशानं बदललं तरच पाठव, असंही सांगता येतं. पण डायव्हर्जन व्हॉल्व्हचं तसं चालणार नाही. तो वीस सेकंद वळला आणि मी मिनिटाला एकदा विचारलं, तर मला ते कधी कळणारच नाही.

अण्णा : वीस सेकंद काय, पाच सेकंद वळला तरी कळाया पाहिजे. पण त्यासाठी सेकंदाला विचारून उपयोग नाही. मोजायला पीएलसीलाच लावा. काउंटर ठेवायचा, किती वेळा वळला. शेवटचा कधी वळला त्याची वेळ, आणि त्या क्षणाचं तापमान. तुम्ही दहा मिनिटांनी विचारलं तरी हिशोब पुरा.

इंजिनियर : म्हणजे प्रोग्रॅमला हात लावावा लागेल. सकाळपासून तुम्ही तर...

अण्णा : मी म्हणालो, बाहेरच्यानं हात लावायचा नाही. मी लावीन की. एक नवा डेटा ब्लॉक करू, फक्त तुमच्यासाठी. प्रोग्रॅमच्या शेवटी आतले आकडे त्यात उतरवून ठेवू : तापमान, फॉल्ट बिट, स्टेप नंबर, काउंटर. तुम्ही तेवढंच वाचायचं. माझा प्रोग्रॅम त्या ब्लॉकाकडं बघणारच नाही. समजा उद्या कुणी त्यात काही लिहिलंच, तरी ते गावच्या पारावरच्या फळ्यावर लिहिल्यागत. मशीन ते वाचत नाही. वाचायचं तर वाचा, लिहायचं नाही.

इंजिनियर : डाउनलोड कधी करायचा?

अण्णा : सीआयपी संपल्यावर आणि सकाळचं दूध यायच्या आधी. नवा ब्लॉक टाकताना सीपीयू स्टॉपला गेला तरी त्या वेळी लाइनमध्ये दूध नसतंय. आणि आधीच्या प्रोग्रॅमचा बॅकअप दोन ठिकाणी.

वेळेचा विषय निघाला तेव्हा आणखी एक गाठ सुटली. पीएलसीच्या आत दोन घड्याळं असतात, एक जागतिक प्रमाणवेळेचं आणि एक स्थानिक. गेटवेसुद्धा बहुधा जागतिक वेळेतच नोंद करतो आणि ते योग्यच आहे. पण अहवाल बनवणारा हे विसरला, तर त्याचा दिवस आपल्या पहाटे साडेपाचला बदलतो. आणि पहाटे साडेपाच म्हणजे गावोगावच्या संकलन केंद्रांवर दुधाची रांग लागण्याची वेळ. सकाळचं संकलन दोन दिवसांत विभागलं जातं, बेरीज दूध संघाच्या नोंदीशी जुळत नाही, आणि मग सगळे सेन्सरला दोष देतात. अण्णांच्या एचएमआयचं घड्याळ तर त्या दिवशी अकरा मिनिटं मागे निघालं. चार्टवरचं डायव्हर्जन आणि सिस्टममधलं डायव्हर्जन एकच आहे, हे उद्या तपासणी अधिकाऱ्याला पटवायचं असेल, तर सगळी घड्याळं एकाच टाइम सर्व्हरवरून लागली पाहिजेत. हे काम थोड्या वेळाचं आहे आणि जवळजवळ नेहमी राहून जातं.

त्यानंतर जो वाद झाला त्यात मात्र दोघांचं पूर्ण जमलं नाही. मला तो तांत्रिक भागापेक्षा महत्त्वाचा वाटतो.

अण्णा : हे आकडे बघणार कोण?

इंजिनियर : मॅनेजर, क्वालिटी, हेड ऑफिस.

अण्णा : आणि ज्याचा हात व्हॉल्व्हवर हाय तो?

इंजिनियर : त्याच्यासमोर एचएमआय आहेच.

अण्णा : मग मी सांगतो काय होणार. लाइन थांबली की ऑपरेटरनं कारण निवडायचं, अशी यादी तुम्ही देणार. पहिल्या महिन्यात पोरं खरं लिहितील. मग एक दिवस मीटिंगमध्ये कुणाचं तरी नाव पडद्यावर येणार, याच्या पाळीत सगळ्यात जास्त थांबली म्हणून. दुसऱ्या दिवसापासनं प्रत्येक कारण, लाइट गेली. महावितरणनं घालवली नसेल तेवढी लाइट तुमच्या सिस्टममध्ये जाईल.

इंजिनियर : आणि आत्ता काय होतं, अण्णा? मी चिल्ड स्टोअरेजचं लॉगबुक पाहिलं. दर तासाला ४.०. चोवीस तास, तीसही दिवस. एकदाही ३.९ नाही, ४.१ नाही. ते शिफ्टच्या शेवटी एका बैठकीत भरलंय, हे अक्षर आणि शाई बघून कुणीही सांगेल. माणसाला शिक्षेची भीती वहीतही असतेच. निदान सेन्सर तरी घाबरत नाही.

अण्णा : सेन्सर घाबरत नाही, पण सेन्सर कारण सांगत नाही. लाइन का थांबली ते माणूसच सांगणार. तो खरं बोलायचं थांबला, की तुमच्याकडं नुसतं थांबली एवढंच उरतंय.

इंजिनियर : मग पाळीवार नावं दाखवूच नयेत असं तुमचं म्हणणं?

अण्णा : निदान पहिलं वर्ष नको.

इंजिनियर : ते माझ्या हातात नाही. करारात तो रिपोर्ट लिहिलेला आहे.

दोघांचंही खरं आहे. पण निवड करायचीच झाली तर या मुद्द्यावर मी अण्णांच्या बाजूला उभा राहीन. जो आकडा मशीनजवळच्या माणसाच्या हातात आधी पडतो, तो आकडा तो माणूस स्वतः दुरुस्त करतो. सेन्सर चुकीचा दाखवत असेल तर सांगतो, टॅग भलताच जोडला असेल तर हसून दाखवतो. जो आकडा वरून खाली येतो, त्याला तो उत्तर द्यायला लागतो, आणि उत्तर देणारा माणूस निरीक्षण करत नाही. पैसे देणाऱ्याला रिपोर्ट हवा असतो, हे मला कळतं. तरीही रीजनरेशनचं तापमान त्रेसष्टला आलं ही बातमी हेड ऑफिसच्या आधी रात्रपाळीच्या त्या पोराला मिळाली पाहिजे. त्याच रात्री लाय नीट फिरवणं फक्त त्याच्याच हातात आहे.

इंजिनियर : एक करता येईल. रीजनरेशन, स्टीम व्हॉल्व्ह आणि डायव्हर्जन, या तिन्हींचा ट्रेंड इथेच, एचएमआयशेजारी मोठ्या पडद्यावर. गेल्या तीस दिवसांची रेघ आणि आजची रेघ. कुणाचं नाव नाही, फक्त मशीन.

अण्णा : मराठीत पाहिजे. आणि तीनच्या वर रेघा नकोत, नाहीतर कोण बघत नाही.

इंजिनियर : चालेल. पण मलाही तुमच्याकडून काहीतरी हवंय. तुमची ती डायरी.

अण्णा : ती माझी खासगी हाय.

इंजिनियर : तिच्यात टॅगांचे पत्ते आहेत ना? कुठला सेन्सर कधी बदलला, कुठल्याला दोन अंशांचा ऑफसेट दिलाय आणि का?

अण्णा : हाय. चिलिंगच्या आउटलेटचा सेन्सर बेंडवर बसवलाय, तो कायम जास्त दाखवतोय. म्हणून प्रोग्रॅममध्ये वजा केलंय. ते कुठंच लिहिलेलं नाही, त्या डायरीशिवाय.

इंजिनियर : मग तेच हवंय. दोन दिवस आपण दोघं बसू. प्रत्येक टॅगसमोर लिहायचं : सेन्सर कुठे बसलाय, रेंज काय, वजाबाकी काय, तार तुटली तर कुठला आकडा येतो, कुठल्या स्टेपमध्ये त्याला अर्थ आहे. मी आणलेल्या यादीत दोनशे टॅग आहेत.

अण्णा : चाळीसच्या वर जाणार नाहीत. बाकीच्यांचं काय करायचं हे तुम्हाला पण ठाऊक नसणार.

इंजिनियर : चाळीस तर चाळीस. पुढच्या टप्प्यात साहेबांना चिल्ड वॉटरचा सेटपॉइंट ऑफिसातून बदलायचाय, तेही आत्ताच सांगून ठेवते. विजेचा दर तासागणिक वेगळा आहे, दर कमी असलेल्या तासांत बर्फ जास्त साठवला तर पैसे वाचतात.

अण्णा : सल्ला पाठवा, या पडद्यावर दाखवा. ऑपरेटर वाचेल, त्याला पटलं तर एचएमआयवर स्वतः बदलेल. तारेवरनं नाही.

इंजिनियर : आणि त्यानं बदललाच नाही तर?

अण्णा : तर त्याला विचारा, का बदलला नाही. कंडेन्सर गळत असेल, कॉम्प्रेसर एकच चालू असेल, त्याला कायतरी दिसत असेल. पाश्चरायझरचा बहात्तर मात्र सल्ल्यात पण घ्यायचा नाही.

इंजिनियर : तो यादीत वाचण्यापुरताच आहे.

अण्णा : मग उद्या सकाळी दहाला या. टॅग नंबर एक, बॅलन्स टँकची लेव्हल. तिथला फ्लोट अडकतोय, ते आधी लिहून घ्या.